स्वस्तातले हँडल

स्वस्त खरेदीची मला भारी हौस. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या चार काड्या वर मागून घेतल्याशिवाय माझी पिशवी भरत नाही. लग्नानंतर दिल्लीला आले, तेव्हा करोलबागेतल्या दुकानदारांशी मोडक्यातोडक्या हिंदीत घासाघीस करून मी घरभर पडदे लावले होते. तेव्हा २०१९ साली, घरबसल्या थेट परदेशातून माल मागवता येतो हा शोध मला लागल्यावर काय झाले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

निमित्त झाले ह्यांच्या सायकलचे. हे रोज सायकलने ऑफिसला जातात. सायकल गिअरची, पण जुनी. तीही दुसऱ्याने वापरलेली विकत घेतलेली. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या झिजल्या होत्या आणि चेन सारखी निसटायची. शिवाय ह्यांना कार्बन फायबरच्या हलक्या हँडलची फार दिवसांपासून इच्छा होती. झंडेवालानच्या सायकलबाजारात चौकशी केली, तर दोन्ही मिळून आमच्या महिन्याच्या वाणसामानाइतका खर्च निघाला.

संगणकावर मात्र तसेच हँडल, त्यावर नामांकित कंपनीची अक्षरे, आणि किंमत फक्त बाराशे रुपये! चकत्यांचा संच साडेपाचशेला. टपालखर्च शून्य. मी मनाशी म्हटले, जगातल्या सायकलींचे बरेचसे भाग चीन आणि तैवानमध्येच तर बनतात. मग मधल्या दुकानदारांचा नफा आपण का भरायचा? ह्यांच्या वाढदिवसाला अचानक भेट द्यायची, असे ठरवून मी पैसे भरूनही टाकले.

पार्सल यायला सहा आठवडे लागले. वरच्या कागदावर 'भेटवस्तू' असे लिहिले होते आणि किंमत अवघी काही डॉलर. भेट तर ती होतीच, पण किंमत साफ खोटी होती. त्या वेळी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंवर सीमाशुल्क लागत नसे. विक्रेत्याने त्या सवलतीचा फायदा घेतला होता, आणि मी तिकडे काणाडोळा केला. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ही पळवाट बंद केली. राख्या आणि जीवरक्षक औषधे तेवढी त्यातून वगळली.

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही दोघे सायकल आणि खोके घेऊन झंडेवालानच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चकत्यांचा संच हातात घेतला आणि लगेच परत ठेवला. तेव्हा मला कळले, की काही चाकांवर चकत्यांचा गठ्ठा आट्यांवर फिरवून बसवतात, त्याला फ्रीव्हील म्हणतात. काहींमध्ये तो खाचांच्या हबवर सरकवून बसवतात, ती कॅसेट. दोन्ही दिसायला जुळी भावंडे, पण एकाच्या जागी दुसरे बसत नाही. आमची सायकल फ्रीव्हीलची होती आणि मी मागवली होती कॅसेट.

मग त्यांनी हँडल उचलले, आतून बोट फिरवले, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "बहनजी, यह मैं नहीं लगाऊँगा."

मला राग आला. आपल्याकडून घेतले नाही, म्हणून हा माणूस अडून बसला आहे, असेच वाटले. "राहू द्या, आम्ही घरी बसवू," असे ह्यांना म्हणून मी खोके उचलले. संध्याकाळी चित्रफीत बघत बघत ह्यांनी हँडल बसवले. 'घट्ट' वाटेपर्यंत बोल्ट आवळले. सायकल खरोखरच देखणी दिसत होती.

तीन आठवडे सारे छान चालले. चौथ्या आठवड्यात हँडलमधून करकर असा आवाज येऊ लागला. "अहो, नवीन आहे, बसेल जागेवर," असे मीच म्हणाले. हे शब्द आजही मला टोचतात. त्या रविवारी कॉलनीच्या फाटकापाशी गतिरोधकावरून जाताना हँडल बरोबर मधल्या पकडीजवळ तुटले. ह्यांच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. पार्सलप्रमाणेच प्लास्टरलाही सहा आठवडे लागले.

मनगट बरे झाले. पण आदल्याच शुक्रवारी हे त्याच हँडलवर रिंग रोडने, बसगाड्यांच्या शेजारून घरी आले होते. तो विचार आला की आजही माझे हात गार पडतात.

तक्रार करायला गेले, तर तक्रारीची मुदत संपलेली. आणि त्या विक्रेत्याचे 'दुकान'च संकेतस्थळावरून नाहीसे झालेले. माल नकली होता की आम्ही बोल्ट जास्त आवळले? चांगल्या कार्बन हँडलांवर किंवा सोबतच्या कागदावर आवळण्याची मर्यादा दिलेली असते, साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि त्यासाठी जोर मोजणारा खास पाना लागतो. आमच्या हँडलवर नावाखेरीज काहीच छापलेले नव्हते आणि तसा पाना असतो हेही आम्हाला माहीत नव्हते. दोष नेमका कोणाचा, हे सांगणारेही कोणी नाही. स्वस्त मालाच्या किमतीतून वजा झालेली गोष्ट हीच होती. जबाबदारी घेणारा माणूस!

महिनाभर टाळाटाळ करून शेवटी मी मिस्त्रींकडे गेले. वाटले होते, 'मी सांगितले नव्हते का?' असे ऐकावे लागणार. त्यांनी तुटलेले हँडल पाहिले आणि एवढेच विचारले, "साहब को ज़्यादा चोट तो नहीं आई?" मी मान खाली घातली. त्यांनी साडेचारशे रुपयांचे ॲल्युमिनियमचे साधे हँडल बसवले, फ्रीव्हील बदलले आणि सायकल स्वतः एक फेरी चालवून पाहिली, मगच माझ्या हाती दिली. मजुरी मी त्या दिवशी कमी करून मागितली नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, त्यात परदेशी खरेदीचे एक मोठे ॲपही होते. तरी बाहेरून माल मागवण्याच्या वाटा सगळ्या बंद झालेल्या नाहीत, आणि मीही ती हौस पुरती सोडलेली नाही. घंटी, पाण्याच्या बाटलीची पकड, हँडलच्या मुठी असे काही अजून मागवते. सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशेब मांडते. माप आधी मिस्त्रींकडून कागदावर लिहून आणते. पण ब्रेक, हँडल, चिमटा, पायडल, म्हणजे ज्यांच्यावर माणसाचा भार आणि जीव असतो, ते भाग मात्र जिथे विचारायला जाता येईल अशाच दुकानातून घेते.

ती कॅसेट अजून माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवली आहे. साडेपाचशे रुपयांचे पेपरवेट! कोणी विचारले की मी सांगते, आमच्या घरातली सर्वात महाग वस्तू आहे ही.