जेवणाच्या ताटावरचे इंग्रजी व्याकरण

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील मराठी शाळांत शिकलेला तरुण नोकरीसाठी बाहेर पडला, की इंग्रजीशी त्याची पहिली गाठ बहुधा खाण्यापिण्याच्या निमित्ताने पडते. हरमल, मोरजी, मांद्रे येथील किनाऱ्यावरची उपाहारगृहे असोत वा जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ असो, समोरच्या पाहुण्याला काय हवे आणि काय वर्ज्य, हे नेमके विचारता व समजून घेता आले पाहिजे. हे जमले नाही की दोष मराठी शाळेच्या माथी मारला जातो. सुट्टीच्या दिवसांत अशा मुलांना इंग्रजी शिकवताना माझे मत नेमके उलट बनले आहे. मराठीचे व्याकरण ज्याला उमगले आहे, त्याला या चार वाक्यांचे इंग्रजी लवकर साधते. मात्र ते मराठीच्या शेजारी ठेवून शिकवावे लागते.

'मला बांगडा आवडतो' आणि 'मला मासे आवडतात' ही वाक्ये पाहा. येथे क्रियापद बांगड्यामागे आणि माशांमागे जाते. 'मला' बाजूला उभा राहतो. इंग्रजीत मात्र 'आय लाइक फिश'. आवडून घेणारा माणूसच तेथे कर्ता होतो. नुसता नियम सांगितला तर मुले तो पाठ करतात आणि विसरतात. आपल्या वाक्यातला कर्ता बांगडा आहे, हे फळ्यावर दाखवले की ती स्वतःच वाक्य फिरवतात. भुकेचेही तसेच. आपल्याला भूक 'लागते', म्हणजे ती आपल्यापर्यंत चालून येते. इंग्रजीत माणूसच भुकेला असतो, 'आय ॲम हंग्री'.

दुसरा अडसर 'जेवणे' आणि 'खाणे' यांचा. चार आंबोळ्या खाऊनही आपला माणूस 'जेवलो' म्हणत नाही. भात पोटात गेला तरच जेवण. व्याकरणही हा भेद पाळते: 'मी मासे खाल्ले', पण 'मी जेवलो'. इंग्रजीत दोन्हींना 'ईट' पुरते, आणि वेळेच्या जेवणाला बहुधा 'हॅव' लागते: 'हॅव लंच', 'हॅव डिनर'. आपण 'चहा घेणार का?' असे विचारतो, म्हणून मुलांच्या तोंडी 'टेक' येते. तेथेही 'हॅव' बरे. शिवाय 'घ्या', 'बसा' यांतला आदर आपण क्रियापदाच्या रूपात ठेवतो. इंग्रजी क्रियापदात ती सोय नाही. म्हणून 'प्लीज' आणि 'वुड यू लाइक' हे शब्द तेथे आदराचे काम करतात. ते गाळले तर आपल्या मनात नसलेला उद्धटपणा पाहुण्याला ऐकू येतो.

तिसरी गोष्ट मोजण्याची. आपल्याकडे शेतात भात पिकते, डब्यातले तांदूळ संपतात आणि ताटात भात वाढला जातो. लिंग आणि वचन दोन्ही बदलतात. इंग्रजीत तांदूळही 'राइस' आणि शिजलेला भातही 'राइस', तोही एकवचनी. 'तांदूळ संपले'च्या वळणावर 'राइस आर' लिहिणारा मुलगा मंदबुद्धी नसतो. तो मराठीशी प्रामाणिक असतो. पोर्तुगीजांकडून आलेला 'पाव' आपण दोन-चार असा मोजतो, पण 'ब्रेड' तसा मोजता येत नाही. त्यासाठी 'लोफ' किंवा 'स्लाइस' मध्ये घालावे लागते.

सर्वांत मोलाचा धडा सवयीचा. आमच्या बोलीत 'खातंय' हे एकच रूप रोजच्या सवयीलाही चालते आणि ताटावर बसलेल्या घटकेलाही. प्रमाण मराठी येथे 'खातो' आणि 'खात आहे' असे दोन भाग करते, आणि इंग्रजीही तेच करते: 'आय ईट' ही सवय, 'आय ॲम ईटिंग' ही चालू क्रिया. पाहुणा 'आय डोंट ईट फिश' म्हणाला, तर मासे त्याला कायमचे वर्ज्य आहेत. कदाचित ते त्याच्या प्रकृतीला बाधतही असतील. आपण सोमवार पाळतो तेव्हा 'ऑन मंडेज' हे शब्द जोडावे लागतात. हा फरक न कळलेल्या वाढप्याच्या हातून एखाद्याच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. बोलीतून इंग्रजीकडे जाणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही मधली पायरी आहे. ती काढून टाकली, तर उडी लांबची होते.

१९८७ च्या कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा मिळाली. माध्यमाचा वाद त्यानंतरही शमला नाही. या वादात मराठीचा आग्रह म्हणजे इंग्रजीला विरोध, असा समज जाणूनबुजून पसरवला जातो. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाती धरून मराठीतूनच इंग्रजी आत्मसात केले, हे त्यासाठी विसरावे लागते.

तेरेखोलच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पालकांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. रात्री पान वाढल्यावर मुलाला एक वाक्य मराठीत बोलायला सांगा, मग तेच इंग्रजीत, आणि दोन्हींतला कर्ता कोण ते विचारा. बांगडा आणि भात रोजचेच आहेत; व्याकरणाला याहून स्वस्त साहित्य मिळणार नाही.