तोट्याचे पान

पिंप्राळ्यातील एका आडत्याच्या घरी नातवाने आजोबांपुढे चार इंग्रजी पुस्तके ठेवली. नुकत्याच पदवीधर झालेल्या त्या तरुणाला शेअर बाजाराचे तांत्रिक विश्लेषण शिकायचे होते. तीन पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर वर चढणारे आलेख होते; एकावर तर महिन्याला ठरावीक कमाईची हमीच छापलेली होती. "आजोबा, दुकानातले दोन लाख दिलेत, तर सहा महिन्यांत परत करीन," तो म्हणाला.

आजोबांनी आलेख पाहिले नाहीत. "तोटा कसा आवरावा हे कोणत्या पानावर लिहिले आहे, तेवढे दाखव," एवढेच ते बोलले. तीन पुस्तकांत ते पान सापडेना. चौथे जॉन मर्फी यांचे, १९९९ सालचे. त्यात भांडवल कसे सांभाळावे यावर स्वतंत्र प्रकरण होते. पुस्तकाची निवड तेथेच झाली.

व्यापारी घराण्यांना हा धडा नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशासह आपल्या मुलखातील कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत शेअर्सकडे धावला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे मातब्बरही त्यात सापडले. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये हा इतिहास ग्रंथरूपाने लिहून ठेवला. आलेख शिकण्यापूर्वी असे एखादे पुस्तक वाचावे. लोभाची चाल त्यात स्पष्ट दिसते.

त्यानंतर बेंजामिन ग्रॅहम यांचे १९४९ चे पुस्तक घ्यावे. गुंतवणूकदार आणि सट्टेबाज यांतील भेद ते आरंभीच सांगते. आलेखांसाठी एडवर्ड्स आणि मॅगी यांचा १९४८ चा ग्रंथ आजही पायाभूत मानला जातो. जपानी मेणबत्ती-आलेखांसाठी स्टीव्ह निसन यांचे १९९१ चे पुस्तक आहे. मात्र केवळ या आकृत्यांवर विसंबू नये, त्यांना इतर साधनांची जोड द्यावी, असे ते स्वतःच सांगतात. स्वतःच्या पद्धतीची मर्यादा सांगणारा लेखक विश्वासास पात्र असतो. हमी देणारे पुस्तक मात्र फुकट मिळाले तरी महागच पडते.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्च धरून प्रत्येकाचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये होता. नातवाने मागितलेली रक्कमही तेवढीच होती.

आजोबांनी नकार दिला नाही. त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढून दिली. "सहा महिने व्यवहार कागदावर कर. घेतल्याचा भाव, विकल्याचा भाव, दलाली, कर आणि घेण्यामागचे कारण, सारे त्याच दिवशी लिही. रोजमेळ उद्यावर टाकायचा नसतो."

नातवाने वही प्रामाणिकपणे लिहिली. सहा महिन्यांनी कागदावरच्या दोन लाखांचे एक लाख चाळीस हजार उरले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुतेक तोटा वेळीच न विकल्यामुळे झाला होता, हे त्याला स्वतःच्याच अक्षरांत दिसले. ते पान त्याने आपणहून आजोबांना दाखवले.

दुकानातील दोन लाखांची दरम्यान तूर खरेदी झाली होती. नातवाने पुस्तके टाकून दिली नाहीत. तो आता स्वतःच्या पगारातून थोडी रक्कम बाजूला काढतो, ती पूर्ण बुडाली तरी घराला झळ लागणार नाही इतकीच. वही मात्र रोज लिहितो. विकत आणलेल्या पुस्तकांनी त्याला बाजार समजावला. त्या वहीने त्याचा स्वभाव त्याला दाखवला.