गाऱ्हाणं खंय आसा?

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि मग उजाडेपर्यंत राजा, राक्षस आणि ऋषी समोरासमोर उभे राहून जे बोलतील ते नाटक. उद्या पुढच्या गावच्या जत्रेत तेच आख्यान आणि तेच नट असले तरी संवाद वेगळे होतात. त्यामुळं सिंधुदुर्गात ज्या माणसांनी देवळाच्या अंगणात आधी टेपरेकॉर्डर आणि पुढं फोन घेऊन रात्री जागवल्या, त्यांच्याकडची ध्वनिमुद्रणं ही त्या त्या रात्रीच्या नाटकाची एकुलती प्रत असते. मी मालवणात राहते आणि काही वर्षांपासून या प्रती गोळा करते आहे. दशावताराच्या मागोमाग गाऱ्हाणी आली, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतानाचे आवाज आले, गणेश चवथीतल्या फुगड्यांची गाणी आली.

लोक देतात ते मनापासून देतात, पण जसं असेल तसं देतात. कुणाचं मेमरी कार्ड, कुणाची कॅसेटवरून उतरवलेली सीडी, कुणाच्या मुंबईच्या भावाची हार्ड डिस्क. आत ‘नवीन रेकॉर्डिंग १४’, ‘जत्रा फायनल’, ‘ऑडिओ ००१’. तीन वेगवेगळ्या फोनांवरच्या तीन वेगवेगळ्या रात्री एकाच नावानं आलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा ढिगातून एखाद्या म्हाताऱ्या नटाच्या नातवाला आजोबांचा आवाज काढून द्यायचा तर आधी घर लावायला हवं, आणि ते कसं लावायचं हे मलाच ठरवायला हवं, हे लवकर लक्षात आलं. म्हणून एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं, त्यावर केडीई हे डेस्कटॉप, आणि त्यातला डॉल्फिन हा फाइल मॅनेजर. २००८ सालच्या केडीईच्या चौथ्या आवृत्तीपासून फायली बघायचं काम डॉल्फिनकडं आलं. त्याआधी कॉन्करर हा एकच प्रोग्रॅम इंटरनेटही दाखवायचा आणि फायलीही.

डॉल्फिनमध्ये एफ-४ दाबलं की खिडकीच्या खालच्या भागात टर्मिनल उघडतं. माझं सगळं काम या एका कळीवर उभं आहे. वरच्या भागात फोल्डर बदलला की खालचं टर्मिनल आपोआप त्याच फोल्डरात जातं, आणि खाली कमांड देऊन जागा बदलली तर वरचं चित्र बदलतं. इंग्रजी नावांच्या फायली सांभाळणाऱ्याला ही निव्वळ सोय वाटेल. देवनागरीत काम करणाऱ्याला तिच्यावाचून चालत नाही, ते का ते सांगते.

खालच्या टर्मिनलमध्ये जे शेल, म्हणजे लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, चालतं ते बॅश. ब्रायन फॉक्स यांनी ते १९८९ मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, म्हणजे त्यानंतरची. बॅशला आज देवनागरी कळते, पण टर्मिनलचा पडदा अजून सारख्या रुंदीच्या चौकटींचा आहे, एका चौकटीत एक अक्षर. ‘वालावल’ त्यात नीट बसतं. ‘हिरण्यकश्यपू’ लिहिलं की वेलांटी एकीकडं, जोडाक्षर दुसरीकडं. शंभर नावांची यादी खाली काढली तर वाचताना डोळे शिणतात. तीच यादी वर डॉल्फिनमध्ये स्वच्छ दिसते, कारण तिथं अक्षरं जुळवण्याचं काम नीट होतं. मी तिथं मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट लावला आहे, तात्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतका मोठा.

तात्या कट्ट्याकडचे. आयुष्यभर मृदंग वाजवला, आता गुडघ्यांमुळं घरीच असतात. लॅपटॉप घेऊन मी त्यांच्याकडं जाते. डॉल्फिनमध्ये एफ-११ नं उजवीकडं माहितीचा कप्पा उघडतो. फाइल निवडली की तिचं ध्वनिमुद्रण तिथंच वाजवता येतं, वेगळा प्रोग्रॅम उघडावा लागत नाही. ऐकायचं, एफ-२ दाबून नाव द्यायचं, पुढच्या फायलीवर जायचं.

“तात्यांनू, ह्यो मृदंग कोणाचो?” मी विचारते.

“थांब गो बाय, परत लाव.” ते डोळे मिटतात. “ह्यो माझोच हात. पायपेटी मात्र आमच्या कंपनीतली नाय. मागसून घंटा वाजता ती आयकलंस? वालावलची जत्रा ती.”

मी वालावल लिहिते. शेलला हे कळणार नाही, फाइल मॅनेजरलाही नाही. पण ऐकणं आणि नाव देणं यांत दोन कळांचं अंतर असलं की म्हातारं माणूस कंटाळत नाही, आणि एका दुपारी बरंच काम होतं. म्हणून मी डॉल्फिनची पट्टी कापून छाटून इतकी कमी केली आहे की तिच्यावर मागे, पुढे, शोध आणि नाव बदलणे एवढंच उरलं आहे. डावीकडच्या जागांच्या यादीत गावं आहेत: आचरा, मसुरे, पेंडूर, कट्टा, वालावल, नेरूर. तात्या बोट ठेवून सांगतात, मी तिथं ओढून टाकते.

नावांची पद्धत ठरवायला मात्र वेळ गेला. आधी तारीख, मग गाव, मग कंपनी, मग आख्यान, मधे आडव्या रेघा. मोकळी जागा ठेवायची नाही, कारण शेल मोकळ्या जागेला दोन शब्दांची सीमा समजतं आणि एका फाइलीच्या दोन होतात. तारीख इंग्रजी आकड्यांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं. एरवी मी सगळे आकडे देवनागरीत लिहिते, पण बॅशच्या हिशेबाला देवनागरी आकडे चालत नाहीत, आणि पुढं कुणाला एका सालातली सगळी नाटकं एका ओळीत वेगळी काढायची असतील तर तिथं अडायला नको. फोनवरच्या मुद्रणांना ही तारीख सहसा हातानं लिहावी लागत नाही. फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ते शेल तिच्या नोंदीतून वाचतं आणि नावाच्या सुरुवातीला जोडतं. वर फोल्डर उघडायचा, खाली एक ओळ चालवायची.

एकदा कुडाळकडच्या एका गृहस्थांची डिस्क उतरवताना काही फायली येईनात. ‘नाव फार लांब आहे’ अशी तक्रार. त्यांनी प्रत्येक फाइलीला हँडबिलावरचा अख्खा मजकूर दिला होता: देवस्थानचं नाव, वार्षिक जत्रोत्सव, नाट्यमंडळाचं पूर्ण नाव, नटसंच. त्यांच्या विंडोजच्या डिस्कवर ही नावं सुखानं नांदत होती. कारण समजून घेण्यासारखं आहे. विंडोजची एनटीएफएस पद्धत नावात २५५ एकक मोजते, आणि तिच्या हिशेबात देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक. लिनक्सची ईएक्सटी-४ पद्धत २५५ बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हं. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात: ‘मृदंग’ पाच चिन्हांचा, ‘क्ष’ तीन. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला तीच पट्टी तिप्पट लांब मिळते. मला हा अन्याय वाटतो आणि तो मी मदतीला येणाऱ्या मुलींना मुद्दाम सांगते. त्या गृहस्थांचा मजकूर मी टाकला नाही. मोठी नावं त्याच फोल्डरात एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवली आणि ध्वनिमुद्रणाला छोटं नाव दिलं. नटसंच आज फक्त त्या मजकुराच्या फाइलीत आहे.

आता गाऱ्हाण्याचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं उभं राहून गावानं घातलेली साद, आणि तिच्या प्रत्येक ओळीवर जमलेल्यांचा ‘व्हय महाराजा’. ही ध्वनिमुद्रणं माझ्याकडं बरीच आहेत, आणि नावात ‘गाऱ्हाणं’ असलेल्या सगळ्या फायली शोधल्या तर निम्म्याही सापडत नव्हत्या. वर खिडकीत त्या दिसत होत्या, शब्दही तोच, अक्षरही तेच. पण ‘ऱ्ह’ संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत मूळ अक्षर ऱ आणि त्यापुढं हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढं एक अदृश्य जोडचिन्ह. फोनवरचे निरनिराळे कळफलक यांपैकी आपल्याला हवी ती रीत वापरतात. माणसाला फरक दिसत नाही. शेलला दिसतो, कारण ते अक्षराचा आकार बघतच नाही, आतली चिन्हं बघतं. मी खालच्या टर्मिनलमध्ये एक ओळ लिहिली: जिथं दुसरी रीत असेल तिथं पहिली कर. आधी नुसती यादी दाखवायला लावली, ती वर खिडकीत ताडून बघितली, मग खरोखर बदललं. गाऱ्हाणी एकत्र आली, गावऱ्हाटी आणि वऱ्हाडही सुधारलं. कितीतरी मराठी संग्रहांत हे शब्द असेच हरवलेले असणार, आणि शोधणारा ‘नाही’ समजून परत जात असणार.

याच काळात शेलला मी मालवणी शिकवली. घरच्या फोल्डरात टिंबानं सुरू होणारी, म्हणून एरवी लपलेली ‘बॅशआरसी’ नावाची फाइल असते. डॉल्फिनमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसते. तिच्यात कमांडना आपली नावं देता येतात, आणि ती देवनागरीत चालतात. ‘खंय’ म्हटलं की शोधतं. ‘हाड’ म्हटलं की लावलेल्या कार्डावरचं सगळं ‘नवीन’ फोल्डरात आणतं. ‘किती’ म्हटलं की कुठल्या गावच्या फायलींनी किती जागा घेतली ते सांगतं. यामागं हौस आहे, पण गरजही आहे. मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरते. कमांड रोमनमध्ये आणि फाइलचं नाव मराठीत असेल तर एका ओळीत चार वेळा कळफलक बदलावा लागतो. शिवाय इन्स्क्रिप्टमध्ये तिरप्या रेघेच्या कळीवर य बसलेला आहे, आणि शेलमध्ये फोल्डरचा पत्ता त्या तिरप्या रेघेवाचून लिहिता येत नाही. वरच्या खिडकीनं फोल्डरात नेऊन सोडलं की पत्ता लिहायचं कारणच उरत नाही. ‘खंय गाऱ्हाणं’ एवढंच लिहायचं, कमांडचं पहिलं अक्षर लिहून टॅब दाबला तर उरलेलं नाव शेल स्वतःच पुरं करतं. माझ्याकडं मदतीला येणाऱ्या मुलींना टर्मिनलची भीती राहिली नाही ती इथून.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. वीज गेली तेव्हा माझ्याकडं एक मोठी डिस्क उतरवणं चालू होतं. ती आरसिंक या कमांडनं चालू होती, म्हणून वीज आल्यावर जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू झाली. पण अर्ध्यात तुटलेली फाइल खरी पुरी झाली का, हा प्रश्न राहतोच, कारण खिडकीत चित्र तसंच दिसतं. त्यासाठी प्रत्येक फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढून ठेवायची सवय लावली. फाइलीतला एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. माझी ‘तपास’ ही कमांड सगळे ठसे पुन्हा काढून जुन्यांशी ताडते. आता एक प्रत मालवणात, एक किनाऱ्यापासून आत कुडाळला आणि एक मुंबईत नातेवाइकांकडं आहे, आणि तिन्हींकडं ठशांची यादी आहे.

डॉल्फिनमध्ये फायलींना खुणेचे शब्द लावता येतात, नटाचं नाव, वाद्य वगैरे. ते मी घरच्या शोधापुरतंच वापरते. हे शब्द फाइलीच्या आत नसतात, डिस्कच्या नोंदीत असतात, आणि साध्या पेन ड्राइव्हवर फाइल गेली की गळून पडतात. आमच्याकडचा सगळा प्रवास तर पेन ड्राइव्हवरून.

कारण चवथीला चाकरमानी येतात. लालबाग-परळकडून आलेला माणूस आरती आटोपून दारात उभा राहतो: “बाय, आमच्या आज्याचा काय तरी आसा मां तुझ्याकडे?” त्याच्यासाठी राइट क्लिकच्या यादीत मी एक ओळ घातली आहे, ‘फोनार घाल’. हीसुद्धा एक साधी मजकुराची फाइल, डॉल्फिनच्या ठरलेल्या फोल्डरात ठेवायची आणि चालवायची परवानगी द्यायची. तिच्यामागं शेलची चार ओळींची स्क्रिप्ट आहे. ती मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावत नाही, त्याची लहान एमपी-३ प्रत करते आणि लावलेल्या पेन ड्राइव्हवर टाकते. मी घरी नसले तरी शेजारची सातवीतली मुलगी हे काम करते. तिला शेल म्हणजे काय ते अजून माहीत नाही. गेल्या चवथीत तिनं मला विचारलं, ह्या ‘फोनार घाल’च्या मागं काय लिवलेला आसा? मी एफ-४ दाबून तिला ती फाइल उघडून दाखवली. आता तिला स्वतःची एक ओळ हवी आहे, फुगड्यांची गाणी वेगळी काढणारी. गाण्यांची नावं तिची आजी सांगणार आहे.