कुत्रं काय दूध देतं?

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. बोर्डावर 'पशुवैद्यकीय दवाखाना' असं लिहिलेलं असलं, तरी माणसांच्या तोंडी तो गुरांचा दवाखाना. गाय अडली, बैल लंगडला, शेळी फुगली, की रात्रीबेरात्री हाक यायची. कुत्र्यासाठी मात्र कोणी यायचं नाही. रोह्याकडच्या एका आजोबांना मी म्हटलं, "बाबा, तुमच्या कुत्र्याला एक सुई टोचून घ्या." ते हसले. म्हणाले, "डाक्टर, कुत्रं काय दूध देतं?"

माया नव्हती असं नाही. ताटातली भाकरी त्याला मिळायची, रात्री खळ्याची राखण तोच करायचा. पण दुखणं आलं की उपचार भलतेच. खरूज झाली की गॅरेजमधलं जळकं ऑइल अंगाला फासायचं. कुत्रं ते चाटतं, ऑइल पोटात जातं. पावसाळ्यात जखमेत किडे पडले की डांबरगोळी कुटून भरायची. ती त्याला विषच. अंगदुखीची माणसांची गोळीही तशीच घातक.

मी सांगायचो ते साधं होतं. कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी काळपट झाली, तर गोचीडतापाची शंका घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. लावणीच्या दिवसांत उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे दरवर्षी.

या शेवटच्या गोष्टीचं मोल मला पेणजवळच्या एका कातकरी वाडीवर दिसलं. शेळ्यांना लस टोचायला गेलो होतो. सात-आठ वर्षांच्या एका पोराच्या पोटरीला वाडीतलंच पिल्लू चावलं होतं आणि त्याची आजी जखमेवर चटणी-चुना लावायला निघाली होती. मी म्हटलं, "आजी, थांब. साबण आण." हातपंपाखाली पंधरा मिनिटं पाय धुतला. पोर किंचाळत होतं, आजी मला शिव्या घालत होती. मग त्याला गाडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात. लस तर दिलीच, जखमेभोवतीही वेगळं इंजेक्शन दिलं. त्या पिल्लाचा जबडा लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती. तिसऱ्या दिवशी ते मेलं.

पाश्चरने 1885 साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. म्हणून कुत्रं कसं राहतं ते बघत बसू नये. आधी जखम धुवावी, त्याच दिवशी लस सुरू करावी आणि बरं वाटलं तरी सगळे डोस पुरे करावेत. त्या पोराचा एक डोस मजुरीच्या दिवशी आला. आजीने त्या दिवसाचा रोज बुडवला, पण डोस चुकवला नाही.

पुढच्या वर्षी वाडीवर गेलो तेव्हा शेळ्यांच्या रांगेत आजीने तीन कुत्री सुंभाने बांधून आणली होती. लस संपत आली होती. मी विचारलं, "आधी कोणाला, शेळ्यांना?"

आजी म्हणाली, "शेळ्या उद्या टोच."