गिलावा बाकी असलेला खेळ

आमच्या बेळगुंदीत गेम म्हटलं की लोकांना अजून पबजीच आठवतं. 2020 च्या सप्टेंबरात त्यावर बंदी आली तेव्हा कट्ट्यावर माना खाली घालून बसणारी पोरं चार दिवस एकमेकांची तोंडं बघत होती. मला त्या धावपळीच्या खेळात कधी रस वाटला नाही. माझा दिवस बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनसमोर जातो. तिथं आवाज आणि घाई दोन्ही पोटभर मिळतं. रात्री जेवण उरकून माडीवर बसल्यावर मला संथ, डोकं चालवायला लावणारा खेळ हवा होता. पुण्यातल्या मावसभावाने 'प्रोजेक्ट झोंबॉइड'चं नाव सुचवलं आणि वर बजावलंही, "पण पूर्ण झालेला नाही हां अजून. अर्ली ॲक्सेसमध्ये आहे."

संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमने मार्च 2013 मध्ये अर्ली ॲक्सेसची ही सोय सुरू केली. खेळ तयार होत असतानाच तो विकायला ठेवायचा, घेणाऱ्यांनी खेळता खेळता त्यातल्या चुका दाखवायच्या आणि आलेल्या पैशांवर पुढचं काम चालवायचं. आमच्याकडची घरंही अशीच उभी राहतात. खाली दोन खोल्या झाल्या की माणसं राहायला जातात, वरच्या मजल्यासाठी स्लॅबवर सळ्या उभ्या ठेवतात आणि हातात पैसा येईल तसा गिलावा करतात. प्रोजेक्ट झोंबॉइड 8 नोव्हेंबर 2013 ला स्टीमवर आला. मी तो घेतला तेव्हाही त्याच्या सळ्या उघड्याच होत्या.

झोंबी म्हणजे मेल्यावर उठून चालणारी, आणि ज्याला चावतील त्याला आपल्यासारखंच करून सोडणारी प्रेतं. आदित्य सरपोतदारांच्या 'झोंबिवली'ने 2022 साली ती डोंबिवलीत आणली. या खेळात ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आहेत, साल 1993, महिना जुलै. ब्रिटनमधल्या 'द इंडी स्टोन' या छोट्या चमूने तो रचला. सुरुवातीलाच पडद्यावर सांगून टाकतात की ही तुमच्या मरणाची हकीकत आहे. जिंकण्याची सोय नाही, किती दिवस तग धरता एवढंच बघायचं. माणूस निवडायचा तोही साधा, म्हणजे सुतार, आगीच्या बंबावरचा जवान किंवा सरळ बेकार. त्याला चष्म्याचा नंबर, भित्रेपणा, सिगारेटचं व्यसन असे दोष लावून घेतले की त्या बदल्यात गुण घेता येतात. मी पहिल्यांदा घेतलेला गडी जाड भिंगाचा आणि सिगारेटबाज होता. झोंबींपेक्षा जास्त वेळ तो सिगारेटीच शोधायचा.

खेळाची खरी ताकद मला एका रात्री कळली. वेस्ट पॉइंट गावातल्या एका घराच्या मागच्या अंगणात कुंपणावरून उडी टाकताना एका झोंबीने हात घातला. दंडावर ओरखडा आला. चावा असता तर विषयच संपला होता, शंभर टक्के मरण. कातडी चिरली तर 25 टक्के, नुसता ओरखडा असेल तर 7. मी जखम धुतली, चादर फाडून पट्टी बांधली, वरच्या खोलीत पडदे ओढले आणि गड्याला पुस्तक वाचत बसवलं. थोड्या वेळाने पडद्याच्या कडेला मळमळीचं चिन्ह उमटलं. आता पंचाईत अशी की त्याच सकाळी त्याने शिळं मांस खाल्लं होतं. मळमळ पोटाची की रोगाची, खेळ सांगत नाही. बाहेर एक झोंबी दारावर थाप मारत होता, एकाच लयीत. मी खालच्या मजल्यावर झोपलेल्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन लावले होते आणि स्वतःचा श्वासही हळू घेत होतो. पहाटे गडी मेला. मग त्याच जगात नवा माणूस घेऊन त्या घराकडे गेलो, तर वरच्या खोलीत तोच गडी, तोच शर्ट, दंडावर तीच पट्टी, माझ्याकडे चालत येत होता.

हे सगळं बंदुकीच्या फैरींनी साधत नाही. फुटलेली काच, करकरणारं दार, सुरू राहिलेला टीव्ही यांच्या आवाजाची इथं धास्ती असते. काही दिवसांत वीज जाते, नळही जातो. फ्रिजमधलं सगळं सडायच्या आत काय खायचं, डबाबंद काय राखायचं, पावसाचं पाणी कशात साठवायचं आणि उकळायचं कशावर, हा हिशेब मांडत रात्री जातात. राकसकोपच्या तळ्याचं पाणी ज्या शहराला जातं त्या बेळगावच्या माणसाला नळ गेल्याचं जितकं भय वाटेल, तितकं विहिरीवर वाढलेल्या मला वाटलं नाही. पण वीज गेल्यावर घर कसं अंधारात बुडतं हे खेळाने हुबेहूब पकडलंय. आषाढात आमच्याकडे खरीच लाईट जायची, लॅपटॉप बॅटरीवर चालायचा आणि आतल्या माणसाच्या घरातही काळोख असायचा.

एकदा वडील, म्हणजे आमचे आप्पा, मागे येऊन उभे राहिले. खेळातला गडी परसात टोमॅटोला पाणी घालत होता.

"काय करायलास रे?"

"शेती."

"दिवसभर मशीन आणि रात्री शेती होय? शेतात ये म्हटलं की वेळ नसतो तुला."

तरी बसले. तेव्हा माझ्याकडे 41 वी आवृत्ती होती. तिच्यात बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर, मुळा, ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरी एवढीच पिकं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात तांबड्या मातीत रताळी होतात, बेळगुंदी त्यासाठी ओळखली जाते. आप्पांनी पहिला प्रश्न तोच केला, "रताळी कुठायत?" त्या आवृत्तीत नव्हती. मग मी बटाट्याच्या बियांचं पाकीट फोडून पेरणी केली आणि आप्पा मोठ्याने हसले. बटाटा इथं कोण बिया टाकून लावतो? जालंधरचं बेणं आणायचं, डोळे बघून फोडी करायच्या आणि सऱ्यांत लावायच्या, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पिकावर कीड पडली, पाणी जास्त झालं आणि रोप गेलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "हे मात्र खरं दाखवलंय." पुढे 42 व्या आवृत्तीत पिकांची यादी बरीच वाढली, गाई, मेंढ्या, कोंबड्या आल्या आणि तंबाखूही आली. केंटकी तंबाखूसाठी प्रसिद्धच आहे. निपाणीच्या माणसाला तो नकाशा अगदीच परका वाटू नये.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यांत मोठी म्हणजे या जगात माणसंच नाहीत. एकट्याने खेळताना तुम्ही आणि हजारो प्रेतं, तिसरं कोणी नाही. अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये बोलणारी, सोबत करणारी माणसं होती. ती काढून टाकली गेली, नव्याने आणू असं निर्मात्यांनी सांगितलं आणि ते आश्वासन वर्षानुवर्षं पुढे सरकत राहिलं. मला हे जास्त खटकतं ते मी संकट पाहिलंय म्हणून. ऑगस्ट 2019 च्या महापुरात बेळगाव जिल्हा पाण्याखाली होता. मार्कंडेय नदीचं पाणी भाताच्या शिवारात शिरलं, वीज नव्हती, रस्ते तुटले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही याचा पत्ता शेजारणीला आधी लागायचा. 2020 च्या टाळेबंदीत शिनोळीच्या राज्यहद्दीवर पोलिसांची चौकी बसली आणि महाराष्ट्रातल्या सोयऱ्यांशी भेट तुटली. गावातल्या पोरांनी वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. त्यात भीती होती, भांडणं होती, बाहेरून आलेल्याला संशयाने बघणंही होतं. माझ्या दृष्टीने तग धरणं म्हणजे हेच, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाशी वाटून खायचं ते ठरवणं. खेळाने पावट्यापासून पट्टीपर्यंत सगळ्याचा हिशेब ठेवला आणि शेजारी मात्र वगळला.

दुसरी उणीव यातूनच येते. घर पक्कं झालं, पाणी साठलं, शेत लागलं की करण्यासारखं फारसं उरत नाही. पहिला आठवडा छातीत धडधड, आणि पुढे महिनोन्महिने डबे मोजणं. पुण्याच्या मावसभावाबरोबर जोडीने खेळलो तेव्हा हा कंटाळा पळाला. एक पहारा देतो, दुसरा दुकान रिकामं करतो आणि गाडी कुणी चालवायची यावर दोघांचा वाद होतो. खेळात नसलेली माणसं आम्ही बाहेरून आत नेली होती.

तिसरी उणीव वेळेची. 41 वी आवृत्ती डिसेंबर 2021 मध्ये स्थिर म्हणून आली. 42 वी चाचणीसाठी खुली झाली ती 17 डिसेंबर 2024 ला, म्हणजे तीन वर्षांनी, आणि तेव्हा तिच्यात जोडीने खेळण्याची सोयच नव्हती. शिवाय जुन्या आवृत्तीतलं जतन केलेलं जग नव्या आवृत्तीत चालत नाही. इतरांनी फुकट बनवून दिलेल्या जोडण्या, ज्यांना मॉड म्हणतात, त्यांतल्या कित्येक मोडल्या. बांधलेलं घर, कमावलेली कौशल्यं, सगळं मागे ठेवून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं. त्यात खेळातल्या लुईव्हिलसारख्या मोठ्या शहरात झोंबींची गर्दी वाढली की माझा साधा लॅपटॉप धापा टाकू लागतो.

तरी या चमूला मी झुकतं माप देतो, कारण याच धंद्यात काय काय झालंय तेही बघितलंय. 2013 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दीड महिन्याच्या आत झोंबींचे तीन खेळ अर्ली ॲक्सेसमध्ये आले. 'डेझी' पाच वर्षांनी, डिसेंबर 2018 मध्ये पूर्ण म्हणून जाहीर झाला. 'सेव्हन डेज टू डाय'ला जुलै 2024 उजाडला. झोंबॉइड तिसरा. उशीर झाला, पण तिघंही काम करत राहिले. याउलट 'द डे बिफोर' 7 डिसेंबर 2023 ला विक्रीला आला आणि चारच दिवसांनी तो बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जाहिरातीत दाखवलेलं जग खेळात नव्हतंच. लोकांना पैसे परत मिळाले, पण जानेवारीत सर्व्हर बंद पडले आणि खेळही संपला.

म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. अर्धवट खेळ घेताना पुढे काय येणार याची यादी वाचू नका. आज जे आहे तेवढ्यावरच समाधान होत असेल तर पैसे द्या, नाहीतर थांबा. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. मात्र झोंबॉइड दोन तासांत उलगडणारा खेळ नाही, तेव्हा घेण्याआधी कुणाच्या तरी शेजारी बसून तो नीट बघा. सुरुवात स्थिर आवृत्तीनेच करा, चाचणीची आवृत्ती नंतर. आणि शक्य असेल तर एकट्याने खेळू नका. एकट्याला हा खेळ महिनाभर पुरेल, जोडीदार मिळाला तर वर्षानुवर्षं. दिलेल्या पैशांचं मोल मला केव्हाच मिळालंय.