राईचा कारभार

आमच्या देवस्थानच्या व्यवस्थापक समितीचे चिटणीसपद आमच्या गळ्यात पडले ते केवळ आमच्या काळ्या कोटामुळे. समितीवर कायदा जाणणारा एखादा मनुष्य असावा, असे महाजनांच्या सभेत कोणीतरी सुचविले. आणि देवस्थानांसंबंधीचा 1933 सालचा पोर्तुगीज कायदा आम्हांस मुखोद्गत असणार, अशा भाबड्या समजुतीने सर्वांनी माना डोलावल्या. पदाबरोबर दप्तर आले, शिक्के आले, जुने तंटे आले. आणि फोंडा तालुक्यातील त्या देवळामागची सव्वा एकराची राईही आली. तंटे कसे चालवावेत हे आम्हांस ठाऊक होते. राई कशी राखावी हे मात्र ठाऊक नव्हते.

ही राई म्हणजे काही घनदाट अरण्य नव्हे. सातवीण, किंदळ, जांभूळ, ओवळ, भेरला माड, त्यांच्या सावलीत भिरंड, आणि या सर्वांना कवेत घेणारी एक जुनी गारंबी. तिच्या पायथ्याशी एक झर आहे आणि देवळाची तळी त्याच पाण्याने भरते. येथील वाळकी काटकीसुद्धा घरी नेऊ नये, असा पूर्वजांचा दंडक होता. तेवढ्या एका दंडकावर राई पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदली. पुढे 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले आणि दोन जुने वृक्ष उन्मळून पडले. छतास भगदाड पडावे तसे झाले. आजवर जेथे कवडसाही येत नसे तेथे ऊन आले, आणि उन्हाच्या पाठोपाठ रानमोडी आली. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती. तिचे म्हातारीसारखे बी वाऱ्यावर उडते आणि मोकळी, उजेडाची जागा सापडली की तेथे ठाण मांडते. दोन पावसाळ्यांत तिने माणसाच्या उंचीची भिंत उभी केली.

जत्रा तोंडावर आली तेव्हा हा प्रश्न समितीपुढे आला. आम्ही शहरात वाढलेले; यंत्रावर आमचा विश्वास सहज बसतो. फोंड्यातील एका दुकानात खांद्यावर अडकवून चालविण्याचे, पेट्रोलवरचे गवत कापण्याचे यंत्र आम्ही पाहिले. विक्रेत्याने त्याचे गुण सांगितले आणि आम्ही ते समितीपुढे अधिक शब्दलालित्याने सांगितले. चार मजुरांचे आठवडाभराचे काम एका दिवसात! ठराव एकमताने संमत झाला. दोन दिवसांत राई आरशासारखी लखलखीत झाली. झाडांचे बुंधे ओळीने दिसू लागले; ‘आता कसे स्वच्छ वाटते’, असे जत्रेला आलेले महाजन म्हणाले, आणि ते प्रशस्तिपत्र आम्ही संकोच न करता स्वीकारले.

जत्रा उलगडल्यावर देवळाचा जुना सेवेकरी आम्हांस राईत घेऊन गेला. वय सत्तरीच्या पुढचे, बोलणे मोजके. एके ठिकाणी उकिडवे बसून त्याने पाचोळा बाजूला केला. बोटाएवढे, तिरके कापलेले खुंट दिसले.

“वकीलबाब, हीं भिरंडाचीं रोपां,” तो म्हणाला. मग थोडे थांबून, “रानमोडी कापल्यार मरना. ती हुमटूंक जाय.”

आम्ही त्याच्याबरोबर खुंट मोजले. भिरंडाचे सदतीस भरले. जांभूळ आणि ओवळ यांचे मोजण्याचे धैर्य उरले नाही. पडलेल्या दोन वृक्षांची जागा घेण्यासाठी राईने स्वतःच जे वारस तयार केले होते, त्यांना आम्ही ठराव करून कापले होते. आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती रानमोडी पहिल्या पावसाबरोबर आपल्या शाबूत मुळांतून पुन्हा फुटली. एका दांड्याच्या जागी चार घेऊन.

त्या पावसाळ्यात आमच्या व्यवसायातील एक जुने तत्त्व आम्हांस वारंवार आठवले. कायद्याच्या दृष्टीने देवता ही व्यक्ती आहे. पण तिची मालमत्ता इतरांनीच सांभाळावी लागते. बंगालमधील एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने 1875 साली देवस्थानच्या कारभाऱ्याची तुलना अज्ञान वारसाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाशी केली आहे. निकडीपुरता आणि इस्टेटीच्या हितापुरताच त्याचा अधिकार. हे आम्ही न्यायालयात कितीदा तरी तावातावाने सांगितले असेल! गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये मोठे झाड तोडावयाचे तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हेही आम्ही अशिलांना बजावीत असतो. पण बोटाएवढ्या रोपाची बाजू कोण मांडणार?

त्यानंतर आम्ही अवजारांची यादी पुन्हा केली. या वेळी सेवेकऱ्यास विचारून. रानमोडीसाठी पिकास आणि जाड हातमोजे. भाद्रपद-आश्विनात जमीन ओली असताना, फुलोरा येण्यापूर्वी, ती मुळासकट उपटावयाची आणि मुळे वर करून तेथेच वाळू द्यावयाची. एक विळा, एक कोयता, आणि दोहोंना धार लावण्यास कानस. कारण बोथट कोयता झाडापेक्षा हातास अधिक धोक्याचा. वाटेवर लोंबणाऱ्या फांदीसाठी हातकरवत. आधी खोडापासून वीतभर अंतरावर खालून थोडा छेद, मग त्याच्या किंचित पुढे वरून पुरता छेद, म्हणजे फांदी साल न ओरबाडता पडते. शेवटी उरलेला खुंट खोडाच्या फुगीर कड्याबाहेर कापावयाचा. साखळीच्या यांत्रिक करवतीची सूचनाही आली होती. तिच्या टोकाचा फटका क्षणात चालविणाऱ्याकडे उलटतो. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी जाणता कारागीर बोलवावा, हे ठरले. पडलेले लाकूड वाटेत नसेल तर कुजू द्यावयाचे. पाचोळा झाडावयाचा नाही. रस्त्याच्या कडेचा पट्टा तेवढा उन्हाळ्यापूर्वी साफ ठेवावयाचा, म्हणजे कोणाची विडी राईस भोवणार नाही. त्या पट्ट्यासाठी आणि देवळाच्या प्रांगणासाठी ते यंत्र आजही उत्तम चालते. दोष यंत्राचा नव्हता. ते जेवढ्या वेगाने कापते तेवढ्या वेगाने आमचे डोळे पाहू शकत नव्हते.

कामास आता दोन दिवसांऐवजी तीन आठवडे लागतात, आणि यंदाच्या जत्रेत राई ‘जरा वाढलेली’ दिसली, अशी कुरकूर आमच्या कानांवर आली. सदतीसांपैकी अकरा खुंटांना धुमारे आले आहेत. प्रत्येकापाशी सेवेकऱ्याने बांबूची कामटी रोवली आहे.

हिशेब तपासणीत यंत्राचे बिल बिनतक्रार मंजूर झाले. रोपांविषयी कोणी विचारले नाही, कारण ती कोणत्याच वहीत नव्हती. दप्तरात आम्ही आता एक नवी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर जमेच्या बाजूस अकरा भिरंडे आहेत. आणि खर्चाच्या बाजूस, आमच्या सहीनिशी, सव्वीस.