एका ग्रंथालयाचे दर्शन

वाईहून पुण्यास जावयाचे म्हणजे आम्हा कृष्णाकाठच्या मंडळींस काही मोठा प्रवास नव्हे. सुरूरला गाडी हमरस्त्यास लागते, खंबाटकीचा बोगदा येतो, आणि शिरवळच्या पुढे नीरा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. गेल्या श्रावणात मात्र हा नेहमीचा रस्ता मला निराळा भासला. दोनच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले होते. गेलेली दृष्टी परत यावयाची नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी राखावयाची, असे त्यांनी सांगितले. समोरचे स्वच्छ दिसे, कडेचे दिसेनासे झाले होते. बोगद्याच्या टोकाला उजेडाचे वर्तुळ दिसू लागले, तेव्हा आपले जग आता एवढेच होणार की काय, या विचाराने मन खिन्न झाले.

पुण्यात अंध वाचकांसाठी चालविलेल्या एका ग्रंथालयास संस्कृत व मराठी जाणणारे स्वयंसेवक हवे होते. उरलेली दृष्टी सत्कार्यी लावावी, या हेतूने मी निघालो होतो. आपण देणारे व ते घेणारे, असा सूक्ष्म अहंकारही बरोबर होता, हे कबूल केले पाहिजे.

ग्रंथालय अवघ्या दोन खोल्यांचे. पहिलीत भिंतीशी ब्रेलचे जाडजूड खंड. आपण एका हाती धरतो ते पुस्तक तेथे तीनचार खंडांचे होते. दुसरीत स्कॅनर व चार संगणक. पुस्तकाच्या पानाचे चित्र घ्यावयाचे, संगणकाने त्यातील अक्षरे ओळखावयाची, माणसाने चुका काढावयाच्या; मग तोच मजकूर कोणी संगणकाच्या आवाजात ऐकतो, कोणी ब्रेलमध्ये वाचतो.

मी एका प्रवासवर्णनाची वीस पाने मोठ्या काळजीने तपासून दिली. ती पुढे गेली एका अंध गृहस्थांकडे. बँकेत टेलिफोनचे काम करून ते निवृत्त झालेले. अर्ध्या तासाने ते हसून म्हणाले, "गुरुजी, अकरा चुका राहिल्या बरे का!"

माझा विश्वास बसेना. त्यांनी आवाज मोकळा केला. संगणक म्हणाला, "रवरे पाहता". यंत्राने 'ख' या अक्षराचे 'र' आणि 'व' केले होते. माझ्या सरावलेल्या डोळ्याने मात्र 'खरे' असेच वाचले होते. जन्मभर मुलांच्या वह्या तांबड्या शाईने तपासणारा मी, त्या दिवशी नापास झालो.

चहाच्या वेळी ते मोकळेपणी बोलले. "पूर्वी एका ठिकाणी मी सेवा करू म्हटले, तर मला पाकिटे चिकटवावयास बसविले. वार्षिक समारंभात हार घालीत. पुस्तक मात्र कोणी हाती दिले नाही. गुरुजी, हार नको, काम हवे. आणि चुकलो तर चूक दाखविणारा हवा."

तेथील ग्रंथपालबाईंनी ही गोष्ट ओळखली आहे. पानाचे मूळ चित्र, आकडे, तक्ते ताडून पाहणे डोळस माणसाकडे. 'धन' की 'घन', असा अर्थाचा संशय आला की दोघांनी मिळून निर्णय करावयाचा. ब्रेलची कच्ची प्रत बोटांनी तपासणे, नव्याने दृष्टी गेलेल्यांस संगणक शिकविणे, कोणती पुस्तके आधी घ्यावीत हे ठरविणे, ही कामे अंध स्वयंसेवकांकडे. ज्याला त्रुटीची झळ लागते तोच उत्तम परीक्षक, हा त्यांचा साधा हिशेब.

हा विचार अन्यत्रही रुजला आहे. अनेक अंध वाचक घरोघरी तेच पुस्तक पुन्हा पुन्हा स्कॅन करीत. ते कष्ट एकमेकांच्या उपयोगी पडावेत, या कल्पनेतून अमेरिकेत २००२ मध्ये 'बुकशेअर' उभे राहिले. आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीने अशा प्रती काढण्याची वाट मोकळी झाली. २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये प्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. परंतु पुस्तक शुद्ध नसेल, तर कायदा तरी काय करील?

निघताना मी त्या गृहस्थांस विचारले, "माझे डोळे गेले तर मला येथे काम मिळेल काय?"

"आजपासून ब्रेल शिकलात तर निश्चित," ते म्हणाले.

आता दर बुधवारी मी पुण्यास जातो. अर्धा दिवस पाने तपासतो, अर्धा दिवस शिष्य होतो. सहा टिंबांची ही लिपी. पहिल्याच धड्यात गंमत कळली. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो. ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'क', मग 'इ'. वेलांटी अक्षरानंतर काढली म्हणून ज्या मुलांचे कान मी उपटले, त्यांची आज मनोमन क्षमा मागतो.

आपल्या एकत्र कुटुंबांत दृष्टी मंदावलेले एखादे आजोबा, एखादी आत्या बहुधा असतेच. त्यांना वर्तमानपत्र जरूर वाचून दाखवावे. परंतु एखादे काम त्यांच्या हाती सोपवून, ते आपल्याहून चांगले होते का, हेही पाहावे. परवा येताना खंबाटकीचा घाट पुन्हा लागला. मी खिडकीबाहेर पाहिलेच नाही. मांडीवरच्या कागदावरून 'क' आणि 'ख' बोटांनी घोकीत होतो.